सरकारकडे मेंढ्यांचा आकडा आहे, पण त्यांच्या आजारपणाची नोंद कुठे आहे?

वाशिम जिल्ह्यातल्या मंगरुळपीर तालुक्यातलं शेलूबाजार बाहेरच्या लोकांना आता माहीत झालंय ते समृद्धी महामार्गामुळे. नागपूरहून शिर्डीकडे निघालं की कारंजाच्या पुढे शेलूबाजारचा इंटरचेंज लागतो. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला आणि गाड्या ताशी शंभरच्या वेगाने इथून पळायला लागल्या.

पण या भागात त्याच्या कितीतरी आधीपासून एक वाहतूक चालू आहे. तिचा वेग दिवसाला काही किलोमीटर इतकाच. ती आहे मेंढ्यांची.

दिवाळीच्या आसपास सोयाबीन निघतं, पुढे तूर निघते, मग हरभरा. रानं मोकळी होत जातात तसे मेंढ्यांचे कळप सरकत जातात. शेतकरी मेंढपाळाला आपल्या वावरात मेंढ्या बसवायला सांगतो. दिवसा मेंढ्या पालापाचोळा आणि धसकटं खातात, रात्री तिथेच बसतात. लेंडीखत थेट जमिनीत मिसळतं. किती मेंढ्या, किती रात्री, यावर धान्य किंवा रोख ठरतं. पावसाळा तोंडावर आला की पेरणीसाठी रानं रिकामी करावी लागतात आणि वाडा पुढे निघतो. विदर्भात फिरणाऱ्या या कळपांमध्ये धनगर आहेत, तसेच कच्छकडून आलेले रबारीसुद्धा आहेत.

आता समजा, अशाच एका कळपात एका आठवड्यात आठ-दहा कोकरं दगावली. नाकातून पाणी, तोंडात फोड, जुलाब आणि मग मरण. मेंढपाळाने मेडिकलमधून औषध आणून पाजलं, मेलेली कोकरं पुरली आणि तिसऱ्या दिवशी वाडा पुढच्या गावाला गेला.

या घटनेची नोंद कुठे होते?

बहुतेक वेळा कुठेच नाही. मेंढी मोजली जाते, पण ती कशी जगली आणि कशाने मेली हे कुणी पद्धतशीर विचारत नाही. नेमका प्रश्न काय आहे, तो आत्ताच का महत्त्वाचा आहे, हे नीट समजून घेऊया.

मेंढ्या मोजतं कोण?

भारतात पशुगणना सुरू झाली १९१९-२० मध्ये. दर पाच वर्षांनी ती व्हावी असा शिरस्ता आहे. गावोगाव, घरोघर जाऊन गाई, म्हशी, शेळ्या, मेंढ्या, डुकरं, कोंबड्या असं सगळं मोजलं जातं.

विसाव्या पशुगणनेचे आकडे २०१९ मध्ये आले. त्यानुसार देशात ७ कोटी ४२ लाखांहून जास्त मेंढ्या होत्या. २०१२ च्या तुलनेत ही वाढ १४ टक्क्यांची. सगळ्यात पुढे तेलंगणा, सुमारे १ कोटी ९१ लाख. त्यानंतर आंध्र प्रदेश आणि कर्नाटक. महाराष्ट्र सातव्या नंबरवर, सुमारे २७ लाख मेंढ्यांसह. आपल्याकडची वाढ चार टक्क्यांच्या आतबाहेर होती.

एकविसाव्या पशुगणनेची सुरुवात २५ ऑक्टोबर २०२४ ला झाली. या वेळी एक मोठी गोष्ट घडली. फिरत्या पशुपालकांची आणि त्यांच्या जनावरांची माहिती पहिल्यांदाच वेगळी नोंदवायचं ठरलं. म्हणजे शंभर वर्षांहून जास्त काळ देशात जनावरं मोजली जात होती, पण 'हे कुटुंब जनावरांसोबत फिरतं' असा रकानाच नव्हता. ज्यांचं घर पाठीवर, त्यांना घरोघर जाऊन मोजणार कसं, हा साधा प्रश्न होता. तो आता निदान कागदावर मान्य झाला.

हे पाऊल महत्त्वाचं आहेच. पण गणना म्हणजे डोकी मोजणं. नर किती, मादी किती, वय काय, जात कोणती, एवढं त्यातून कळतं. गेल्या वर्षी किती कोकरं जन्मली, त्यातली किती वाचली, लस कधी टोचली, जंताचं औषध कोणतं आणि किती वेळा पाजलं, हे पशुगणना सांगत नाही. ते तिचं कामच नाही.

मग ते काम कुणाचं?

इथे अमेरिकेचं उदाहरण उपयोगी पडतं. तिथला कृषी विभाग पशुगणनेखेरीज आणखी एक राष्ट्रीय अभ्यास करतो. तो फक्त जनावरांचं आरोग्य आणि सांभाळायच्या पद्धती यावर असतो. मेंढ्यांसाठी असा अभ्यास १९९६, २००१, २०११ आणि २०२४ मध्ये हाती घेतला गेला.

त्यात विचारलं काय जातं? नवीन विकत आणलेली मेंढी कळपात सोडण्याआधी काही दिवस वेगळी ठेवता का? कोणत्या लसी देता? कोकरं कोणत्या वयात आणि कशामुळे मरतात? पाय सडण्याचा त्रास आहे का? डॉक्टरला शेवटचं कधी बोलावलं? काही कळपांमध्ये लेंड्यांचे नमुने घेऊन जंत तपासले जातात. भाग घ्यायचा की नाही हे मालकावर असतं आणि दिलेली माहिती त्याच्या नावाने कुठेही बाहेर जात नाही.

गंमत बघा. अमेरिकेत एकूण मेंढ्या आहेत साधारण ५० लाख. आपल्याकडे त्याच्या पंधरापट. एकट्या तेलंगणात अमेरिकेच्या जवळपास चौपट.

भारतात काहीच होत नाही असंही नाही. बेंगळुरूमधली 'निवेदी' ही राष्ट्रीय संस्था पशुरोगांचा अभ्यास करते, रक्ताचे नमुने तपासते आणि कोणत्या जिल्ह्यात कोणता रोग येऊ शकतो याचा अंदाज देते. राजस्थानात अविकानगरला केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था १९६२ पासून आहे. आपल्याकडे राहुरीच्या कृषी विद्यापीठात दख्खनी मेंढीवर काम झालंय. दूध, अंडी, मांस, लोकर किती झाली याचं नमुना सर्वेक्षण दरवर्षी होतं.

पण मेंढपाळासमोर बसून, 'तू कळप सांभाळतोस कसा आणि तुझं नुकसान होतं कुठे,' असं ठरावीक वर्षांनी देशभर विचारणारं मेंढ्यांचं सर्वेक्षण आपल्याकडे रुळलेलं नाही. संस्थेकडे रक्ताचा नमुना आहे, खात्याकडे आकडा आहे. मधली गोष्ट मेंढपाळाच्या डोक्यात आहे, आणि ती तिथेच राहते.

हे आत्ताच का महत्त्वाचं? कारण २०३० ची मुदत

मेंढ्या-शेळ्यांचा सगळ्यात घातक आजार म्हणजे पीपीआर. १९४२ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टमध्ये त्याची पहिली नोंद झाली. भारतात तो १९८७ मध्ये तमिळनाडूत सापडला. ताप, डोळ्या-नाकातून स्राव, तोंडात फोड, जुलाब आणि न्यूमोनिया ही लक्षणं. माणसाला तो होत नाही. पण एखाद्या कळपात शिरला आणि जनावरांना लस दिलेली नसली, तर काही दिवसांत निम्मा कळप जाऊ शकतो.

२०१५ मध्ये त्याच आयव्हरी कोस्टमधल्या आबिजान शहरात जगभरातले देश जमले आणि २०३० पर्यंत पीपीआर पृथ्वीवरून संपवायचा असं ठरलं. भारतानेही हेच लक्ष्य ठेवलंय. लसीकरणासाठी केंद्राचा कार्यक्रम चालू आहे.

हे स्वप्नरंजन नाही, कारण असं एकदा झालेलं आहे. गाई-म्हशींना होणारा बुळकांडी हा रोग पीपीआरच्याच कुळातला. जुन्या लोकांना विचारा, बुळकांडीने गोठेच्या गोठे रिकामे केलेले होते. सातत्याने लसीकरण झालं, साथ दिसली की लगेच कळवायची यंत्रणा उभी राहिली, आणि २००६ मध्ये भारत बुळकांडीमुक्त जाहीर झाला. २०११ मध्ये सगळं जग. माणसाने प्राण्यांमधला संपूर्णपणे संपवलेला तो पहिला रोग.

पीपीआरसाठी लससुद्धा आपलीच आहे. भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेने मुक्तेश्वरला ती तयार केली. एकदा टोचली की तीन वर्षं किंवा त्याहून जास्त संरक्षण मिळतं. म्हणजे लस आहे, स्वस्त आहे, चांगली चालते. तरी अडतं कुठे?

अडतं ते वाटेवर

पहिली अडचण थंडाव्याची. ही लस दवाखान्यापासून वाड्यापर्यंत बर्फात न्यावी लागते. एकदा पातळ केली की थोड्याच वेळात संपवावी लागते. दीडशे मेंढ्यांचा कळप गावाबाहेर तीन किलोमीटरवर बसलाय, मार्च-एप्रिलचं विदर्भातलं ऊन आहे, आणि पकडून पकडून प्रत्येक मेंढीला सुई टोचायची आहे. यासाठी डॉक्टर आणि मेंढपाळ यांची वेळ आधी जुळावी लागते. पहाटे किंवा संध्याकाळी, कळप चरायला सुटण्याआधी किंवा परतल्यावर.

दुसरी अडचण यादीची. लसीकरणाचं नियोजन गावाच्या पशुधनावर होतं. गावात एवढ्या शेळ्या-मेंढ्या, म्हणून एवढ्या मात्रा. परगावाहून आलेला कळप या यादीत बसत नाही. मूळ गावी मोहीम असते तेव्हा कळप बाहेर, आणि जिथे कळप आहे तिथली मोहीम होऊन गेलेली. दोन्ही गावांच्या कागदांवर काम पूर्ण, आणि तरी कळपाला लस नाही, असं होऊ शकतं.

तिसरी अडचण नोंदीची. जनावराच्या कानात बारा आकडी नंबरचा टॅग मारायचा आणि त्याच्या नावावर लसीकरण, उपचार, मालक हे सगळं 'भारत पशुधन' या प्रणालीत चढवायचं, अशी आता व्यवस्था आहे. महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून टॅग नसलेल्या जनावरांच्या खरेदी-विक्रीवर निर्बंध आले. खरं तर ही सोय फिरत्या कळपालाच सगळ्यात उपयोगी. कारण नोंद गावाशी चिकटलेली नसते, ती जनावरासोबत चालते. मंगरुळपीर तालुक्यात टोचलेली लस पुढच्या जिल्ह्यातल्या डॉक्टरला मोबाइलवर दिसू शकते.

पण दीडशे मेंढ्यांचे दीडशे नंबर भरायचे कुणी? विकलेल्या, मेलेल्या, नव्याने जन्मलेल्या जनावरांची नोंद दर महिन्याला बदलायची कुणी? गाईच्या मालकाकडे दोन-चार जनावरं असतात. मेंढपाळाचा हिशेब शंभराच्या पटीत असतो आणि त्याची जागा रोज बदलते.

चौथी गोष्ट रस्त्याची. समृद्धीसारखा महामार्ग दोन्ही बाजूंनी कुंपण घातलेला असतो. कळपाला पलीकडे जायचं तर भुयारी मार्ग गाठावा लागतो. कुरणं कमी झालीत, अभयारण्यात चराईवर निर्बंध आहेत. कारंजा-सोहोळचं काळवीट अभयारण्य याच जिल्ह्यात आहे. जागा आणि वाटा आक्रसल्या की वेगवेगळे कळप त्याच पाणवठ्यावर, त्याच वाटेवर भेटतात. पीपीआर जवळच्या संपर्काने पसरतो. म्हणजे कळप कुठून कुठे जातात, कुठे एकत्र येतात, हा नकाशा रोगाचाही नकाशा आहे. तो आज कुणाकडे आहे? मेंढपाळाकडे.

विचारायचं तरी काय?

मेंढ्यांच्या आरोग्याचं आणि कळप सांभाळण्याचं सर्वेक्षण उद्या खरंच शेलूबाजारच्या रानात पोहोचलं, तर कामाचे प्रश्न कोणते?

सगळ्यात पहिला, कोकरांचा. मेंढपाळाचा नफा मोठ्या मेंढीत नसतो, जगलेल्या कोकरात असतो. शंभर मेंढ्या व्यायल्या आणि कोकरं विकायच्या वयापर्यंत किती पोहोचली, हा एक आकडा त्या कुटुंबाचं वर्ष कसं गेलं ते सांगतो.

दुसरा, जंतांचा. पावसाळ्यात आणि त्यानंतर पोटातले जंत मेंढीचं रक्त शोषतात. डोळ्याच्या आतली लाली जाते, जबड्याखाली सूज येते, मेंढी खंगते. बरेच जण मेडिकलमधून मिळेल ते औषध अंदाजाने पाजतात. तेच औषध वर्षानुवर्षं, कमी मात्रेत दिलं की जंतांवर त्याचा परिणाम होईनासा होतो. जगभर ही मोठी डोकेदुखी झाली आहे. वाशिमच्या रानात कोणतं औषध अजून चालतं, हे तपासल्याशिवाय कळणार नाही.

तिसरा, लसींच्या वेळेचा. पहिल्या पावसानंतर कोवळं गवत भरभरून खाल्लं की आंत्रविषाराने धडधाकट मेंढी काही तासांत मरते. त्याची लस पावसाच्या आधी द्यावी लागते. आणि नेमकं मे-जूनमध्ये कळप परतीच्या वाटेवर असतो. लस मिळाली का, एवढंच विचारून भागणार नाही. कुठे असताना मिळाली असती, हे विचारायला हवं.

चौथा, पायांचा. काळ्या मातीच्या चिखलात खुरं मऊ पडतात, सडतात. चालता न येणारी मेंढी फिरत्या कळपात राहू शकत नाही. ती पडेल त्या भावात विकली जाते. हा तोटा कोणत्याच रोगाच्या आकडेवारीत येत नाही.

पाचवा, बाईच्या कामाचा. वाड्यावर राहून आजारी कोकराला पाजणं, व्यायलेली मेंढी सांभाळणं, नवजात कोकरं डालग्याखाली ठेवणं हे काम बऱ्याचदा बायका करतात. कोकरू कशाने मेलं, याचं नेमकं उत्तर अनेकदा तिलाच माहीत असतं. सर्वेक्षण करणारा फक्त कर्त्या पुरुषाशी बोलून गेला, तर अर्धी माहिती वाड्यावरच राहील.

योजना आहेत की! मग माहितीची एवढी काय गरज?

योजना आहेत, हे खरं. महाराष्ट्रात २०१७ पासून भटक्या जमाती-क प्रवर्गासाठी राजे यशवंतराव होळकर महामेष योजना आहे. २० मेंढ्या आणि १ नर असा गट ७५ टक्के अनुदानावर मिळतो. पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी चराई अनुदानाची तरतूद आहे. पुण्यातलं पुण्यश्लोक अहिल्यादेवी मेंढी व शेळी विकास महामंडळ हे काम बघतं. विदर्भात अमरावतीजवळ पोहऱ्याला त्यांचं प्रक्षेत्र आहे.

पण तेलंगणाकडे बघा. तिथेही २०१७ मध्ये ७५ टक्के अनुदानावर २० मेंढ्या आणि १ नर वाटायला सुरुवात झाली. २०१२ ते २०१९ या काळात तिथल्या मेंढ्या ४८ टक्क्यांनी वाढलेल्या दिसल्या. आकडा दणदणीत आहे. पण वाटलेल्या मेंढ्यांपैकी किती जगल्या, किती परत विकल्या गेल्या, त्या कुटुंबाकडे तीन वर्षांनी काय उरलं, हे पशुगणनेच्या आकड्यातून कळत नाही. वाटप मोजणं सोपं असतं. जगणं मोजायला पुन्हा त्या दारात जावं लागतं.

विम्याचंही तसंच. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने पशुधन विम्याचे नियम सैल केले. मालकाने हप्त्यातला फक्त १५ टक्के वाटा भरायचा. शेळ्या-मेंढ्यांसाठी मर्यादा दहा 'कॅटल युनिट', म्हणजे साधारण शंभर मेंढ्यांपर्यंत वाढवली. कागदावर हे मेंढपाळासाठीच केल्यासारखं आहे. पण दावा करायचा तर मेलेल्या मेंढीचा टॅग हवा, डॉक्टरचा दाखला हवा. रात्री रानात मेलेली मेंढी, सकाळी पुढे निघायचं, आणि दवाखाना दुसऱ्या दिशेला. अशा कुटुंबाला दावा कसा करता येईल, हे त्याच्याशी बोलूनच ठरवता येईल.

मेंढपाळ खरं सांगेल का?

हा सगळ्यात अवघड प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर सरकारच्या वागण्यावर अवलंबून आहे.

मेंढ्या किती, हा प्रश्न मेंढपाळाला साधा वाटत नाही. जास्त सांगितल्या तर चराईचा दंड वाढेल का, अनुदान जाईल का, चोरांना सुगावा लागेल का, असे विचार मनात येतात. साथ आली हे सांगितलं तर गावकरी वाडा उठवतील, मेंढ्या बसवायचे पैसे बुडतील, बाजारात भाव पडेल. गप्प राहण्यात त्याचा फायदा आहे आणि बोलण्यात तोटा.

म्हणून अमेरिकेच्या अभ्यासातली एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. सांगणाऱ्याचं नाव गुप्त राहतं, आणि सांगितल्याच्या बदल्यात त्याला काहीतरी मिळतं, उदाहरणार्थ तपासणीचा अहवाल. इथे तो अहवाल त्याच्या भाषेत, चार ओळींत मिळाला पाहिजे. 'तुझ्या कळपात हे जंत आहेत, हे औषध चालेल, वजनाप्रमाणे एवढं पाज.' एवढं मिळालं तर पुढच्या वेळी तो स्वतः फोन करेल.

तोवर काय करता येईल?

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष चराऊ कुरणं आणि पशुपालकांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलंय. भाषणं होतील, पोस्टर लागतील. शेलूबाजारसारख्या गावात मात्र काही गोष्टी त्याची वाट न पाहता होऊ शकतात.

वावरात मेंढ्या बसवणाऱ्या शेतकऱ्याला कळप आला ती तारीख माहीत असते. ती ग्रामपंचायतीला किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवली, तर तो कळप तिथे असेपर्यंत लस पोहोचू शकते. १९६२ या टोल फ्री नंबरवर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी फोन करता येतो. हा नंबर मेंढपाळाच्या मोबाइलमध्ये असला पाहिजे, आणि त्याला शेतकऱ्याच्या बांधाचा पत्ता सांगता आला पाहिजे. गावातल्या शेळ्यांना लस टोचायला आलेलं पथक शिवारात बसलेल्या वाड्याकडेही गेलं, तर गावाच्या शेळ्याही जास्त सुरक्षित राहतात. कारण पाणवठा दोघांचा एकच असतो.

पीपीआर संपवण्याची मुदत २०३० ची आहे. बुळकांडी संपली तेव्हा शेवटी उरलेल्या जनावरांपर्यंत पोहोचणं हेच सगळ्यात कठीण काम होतं, आणि अशी जनावरं फिरत्या लोकांकडे होती. या वेळीही ती तिथेच आहेत. सोयाबीन निघालेल्या वावरात रात्री बसलेल्या त्या कळपाची नोंद सरकारी वहीत शेवटी कधी येते, यावर त्या मुदतीचं बरंच काही ठरेल.